सुसाटचे बूट

बसा ताई. त्या स्टुलावर बसा, जरा डुगडुगतं, पण आजवर कुणाला पाडलेलं नाही. तुमच्या चपलेच्या पट्ट्याला सोल्यूशन लावलंय, आता ते वीस मिनिटं हवेवर सुकू द्यायचं आणि मग दाबायचं. ओलं असतानाच चिकटवून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. पुढच्या गल्लीत एक बसतो, त्याच्याकडची चप्पल आठ दिवसांत तोंड उघडते. मी थांबतो. तोवर तुम्ही अनवाणी आणि मी रिकामा, तेव्हा एक गोष्ट सांगतो. खरी आहे. खोटी असती तर मी तिच्यात शहाणा असतो.

वरच्या फळीवर ते निळे बूट दिसतायत ना, वर्तमानपत्रावर ठेवलेले? त्यांची गोष्ट. हातात घ्या एक. घ्या हो, चावत नाही. बघा वजन. आहे काही? पहिल्यांदा माझ्या हातात आला तेव्हा मला वाटलं, पोरगी तळ घरी विसरून नुसती वरची जाळीच घेऊन आली. पळायचे बूट आहेत. आम्ही चामड्यात वाढलेली माणसं. माझ्या चुलत्यानं मला ही कला शिकवली, तो असला बूट बघून म्हणाला असता, हा पायात घालायचा की खिशात ठेवायचा?

तर समोरची ती आठ मजली हापिसांची इमारत. तिचे जिने पुसणारी बाई आहे, सगळे तिला जिनेवाली म्हणतात, मीपण तेच म्हणतो. नवरा लवकर गेला. एकच पोरगी. पोरीला मी सुसाट म्हणायचो, कारण या दुकानावरून ती चालत गेलेली मी कधी बघितलीच नाही. एवढीशी होती तेव्हापासून पळतच. पुढं शर्यतीत पळायला लागली, कप आणायला लागली. मग तिनं स्वतःच्या कमाईतून हे बूट घेतले. मला दाखवायला आणले होते. म्हणाली, "मामा, हे घातले की पायात काही नाहीच असं वाटतं." मी म्हटलं, मग अनवाणीच पळ की. हसली.

चार-पाच वेळा घातले असतील. शर्यतीसाठी राखून ठेवायचे म्हणून रोजच्या सरावाला जुनेच घालायची. जुनेच पायात होते त्या दिवशी. वळणावर एक मालाचा टेम्पो रिव्हर्स घेत मागं येत होता, त्यानं बघितलं नाही, हिनं बघितलं तोवर उशीर झाला होता. कंबरेला मार बसला. जीव वाचला. पाय जागेवर राहिले, पण पायातला जोर गेला.

दीड वर्षानं जिनेवाली हे बूट घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर कापड, कापडावर परत पिशवी. इतकी जपणूक मी सोन्याची बघितली नाही. आणि उघडून बघतो तर तळ सुटलेला. चवड्यापासून टाचेपर्यंत नुसता लोंबत होता. ती म्हणाली, "भाऊ, कुणी हातसुद्धा लावला नाही हो. कपाटावरच होते." मी म्हटलं, म्हणून तर गेले. पिशवीत कोंडले की सोल्यूशन कुजतं. वापरलेला बूट वर्षं काढतो आणि ठेवलेला बूट पडल्या पडल्या मरतो. चुलत्याचं सांगणं होतं ते, मी तसंच्या तसं तिच्या पदरात टाकलं. रोज थोडे चालवा म्हटलं, म्हणजे पोरगी उठेल तेव्हा तिला बूट मिळतील.

तिनं विचारलं, थोडे म्हणजे किती? मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत होतो. म्हटलं, चालवा हो, चालवाल तितकं चांगलं. माय-लेकींचा पाय एकाच मापाचा. मी तळ चिकटवला, कडेनं आतून बारीक शिवण घातली आणि विसरून गेलो.

आता इथं माझी चूक आहे ताई, नीट ऐका. मी जे बोललो ते चामड्याचं बोललो. चामडं चाललं की पायाशी जुळतं, तेल पितं, जगतं. ह्याच्या तळात चामडं नाही, फोम आहे. त्याचं गणित उलटं. तो ठेवला तर चिकटवलेलं सुटतं आणि चालवला तर दबतो, आणि एकदा दबला की परत वर येत नाही. रोज पन्नास पावलं, एवढंच सांगायला हवं होतं. मी अर्धंच सांगितलं आणि तेही फुशारकीनं.

तिनं काय करावं? तिनं ते बूट कामावर घातले. आठ मजले, दिवसातून दोन वेळा वर आणि दोन वेळा खाली, हातात पाण्याची बादली. सहा महिने. पोरीचे बूट मरू नयेत म्हणून.

मधे एकदा रस्त्यात भेटली. मी विचारलं, कसे आहेत बूट? तर म्हणाली कोरड्या पायरीवर घट्ट धरतात, साबणाच्या पाण्यावर मात्र मासळीसारखे सटकतात, म्हणून कठडा धरून उतरते. नाड्या सारख्या सुटतात. जाळीतून पाणी आत जातं, पण अर्ध्या तासात वाळतंही. हे सगळं सांगून झाल्यावर इकडं तिकडं बघून हळूच म्हणाली, "भाऊ, गुडघे दुखायचे थांबलेत माझे." असं म्हणाली जसं काही चोरी कबूल करतेय. वीस वर्षं ती रबरी चपलेत जिने चढली होती. मी म्हटलं, चांगलं आहे की. त्याच वेळी तिला थांबवून बूट उलटा करून बघायला हवा होता. नाही बघितला.

इकडं दवाखान्यात पोरीचा व्यायाम चालू होता. तिथं एक व्यायामवाली बाई आहे, बोलायला फटकळ पण हाताला गुण आहे तिच्या. दोन आडव्या दांड्या असतात, त्यांच्या मधे माणसाला उभं करायचं. दवाखान्याचे काळे जाड बूट पायात घातले पोरीच्या. पाय आतल्या आत हलायचा, पण बूट जागचा हलायचा नाही. त्या पायात तेवढं वजन उचलायची ताकद नव्हती. तीन आठवडे असं झालं. मग पोरगीच म्हणाली, माझे घरचे बूट आणा, त्यांना वजनच नाही.

आता जिनेवालीची काय अवस्था झाली असेल, तुम्हीच बघा. अंगठ्यापाशी जाळी फाटलेली, टाच दबलेली. माझ्याकडे यायला हवं होतं तिनं. आली नाही. लाज वाटली. रात्रीतून धुतले, नाड्या पांढऱ्या केल्या, आत कागद कोंबून आकार आणला, फाटलं होतं तिथं निळ्या दोऱ्यानं टाके घातले आणि सकाळी नेऊन दिले. वरून नवेच दिसत होते.

पोरीनं घातले. दांड्या धरल्या. उजवा पाय उचलला आणि उचलला गेला, बरं का. दोन वर्षांत पहिल्यांदा. व्यायामवालीनं सगळ्या खोलीला गप्प केलं. पाऊल टेकलं. मग दुसरं उचलायचं म्हणून पोरीनं सगळा भार त्या टेकलेल्या पायावर दिला, आणि टाच आतल्या बाजूला कलली. तुमच्या-माझ्या पायाला ते कळलंसुद्धा नसतं, आपण सावरतो. त्या पायाला सावरता येत नव्हतं. घोटा वळला, गुडघा दुमडला, हनुवटी दांडीवर आपटून फुटली. हाड मोडलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पोरगी व्यायामाला जाईना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पायानं दगा दिला म्हणाली. ह्या पायावर आता माझा विश्वास नाही म्हणाली.

जिनेवाली माझ्याकडे आली. बूट उलटे करून ह्या लाकडावर ठेवले.

मी चाळीस वर्षं तळ वाचतोय ताई. माणूस खोटं बोलतो, तळ बोलत नाही. दोन्ही टाचा आतल्या बाजूनं दबलेल्या, उजवी जास्त. जड बादली उजव्या हातात घेऊन पायऱ्या उतरणाऱ्या बाईचा तळ होता तो. पोरीचा नव्हताच. पोरगी चवड्यावर पळायची. मी पाणी प्यालो. मग दुकानाला कुलूप लावलं, भर दुपारी, आणि तिच्याबरोबर तिच्या घरी गेलो. गिऱ्हाइकाच्या घरी मी कधी जात नाही.

एक खोली, आत ओटा, खिडकीशी पोरीची खाट, कप सगळे कपाटावर पालथे घातलेले. मी खाटेशी बसलो. ती वळली नाही. मी दोन्ही बूट तिच्या उशापाशी ठेवले आणि म्हटलं, ह्यांच्या टाचांवरनं बोट फिरव.

मग हात मागं आला. बोट फिरलं, परत फिरलं.

"म्हणजे पाय नाही चुकला?"

"नाही. टाच चुकली. आणि टाचेच्या आधी मी चुकलो." मग मी तिला सगळं सांगितलं, चामड्याचं, फोमचं, माझ्या अर्ध्या शब्दाचं. आईचं नाव मी घेतलं नव्हतं. पण आई दारातच उभी होती.

पोरगी वळली. हनुवटीवर पट्टी. आईला म्हणाली, "तू बादली उजव्या हातात घेतेस."

आई म्हणाली, "हो."

"किती दिवस घालत होतीस?"

"सहा महिने." मग बाई खालीच बसली, चौकटीला टेकून. "बूट मरतील म्हणून घातले गं. पहिले पहिले त्याच्यासाठीच. मग मला बरं वाटायला लागलं. गुडघे दुखत नव्हते. सकाळी कधी एकदा घालते असं व्हायचं. तू इथं पडलेली आणि मी तुझ्या बुटात मजेत जिने चढायचे."

मला वाटलं आता काही खरं नाही. उठून जावं का, असंही वाटलं. पोरगी छताकडे बघत होती. मग म्हणाली, "मजेत कसली, आठ मजले." आणि थोड्या वेळानं, "आई, तुला असले दुसरे घेऊ आपण. हे माझे मला दे." आई रडायला लागली, ते वेगळं. पोरीनं तिला रडू दिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, सरळ करून द्या. एकदा उभी राहीन. परत पडले तर मग मला कुणी ऊठ म्हणायचं नाही."

तिचं हे असं आहे. एकदाच. आणि बूट हेच हवेत, जड चालत नाहीत. नवीन आणावेत तर आजकालच्या हलक्या बुटांचे तळ हे एवढे जाड येतात, उशीवर उभं राहिल्यासारखं हलतं. व्यायामवालीनं दोन जोड बघून नाही म्हटलं.

मी विचार केला, टाचेत भरायला तितकाच हलका फोम कुठून आणू? जिनेवालीनं कपाटाच्या मागून एक पुडकं काढलं. पोरीचे जुने बूट, त्या दिवशीचे. टाकले नव्हते तिनं. मी उलटे केले. चवडा पार झिजलेला आणि टाच नव्यासारखी, पळताना पोरगी टाच टेकायचीच नाही ना. त्या टाचा मी रापीनं कापल्या, ह्यांच्यात बसवल्या, घासल्या. हिचंच हिला लावलंय. काचेवर ठेवून बघितलं, गवंड्याकडून पाणसळ आणून आत ठेवून बघितलं, बुडबुडा मधोमध आहे. पण ते रिकाम्या बुटाचं झालं. माणूस आत उभा राहिला की फोम आपलं खरं रूप दाखवतो. आणि एकदा मी न तपासता बोललोय.

माझा पाय दहा नंबरचा, तोही डावा वाकडा. जिनेवाली घालेल तर आतच झुकेल. बायकोला घालायला लावले, तर ती म्हणते मला वाकडं-सरळ कळत असतं तर तुमच्याशी लग्न केलं असतं का.

तुमची चप्पल मघाशी उलटी केली तेव्हा बघितलं मी. दोन्ही बाजूंनी सारखी झिजलीय, टाचही, चवडाही. चाळीस वर्षांत अशा चपला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बघितल्या. आणि माप पोरीचंच आहे. पट्टा सुकायला अजून सात-आठ मिनिटं आहेत.

घाला हे. नाडी मी बांधतो, तुम्ही पाय पुढं करा. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत जा आणि परत या. सावकाश, प्रत्येक पावलाला सगळा भार द्या, सावरू नका. कुठं केसभर कललं तरी येऊन सांगा, आत की बाहेर, डावा की उजवा. मला बरं वाटावं म्हणून चांगलं बोलू नका. परवा सकाळी ती उभी राहणार आहे.