कठड्यावरचे त्रेचाळीस फोन

खिंडवाडीत दुर्गाबाईला वीस वर्षं कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. पांढऱ्या कपाळाची, पोटी लेकरू नाही. सकाळी तोंड दिसलं तर बाया वाट बदलायच्या. आणि मग कुणाला तरी शोध लागला, की डोंगराआडच्या या अख्ख्या वाडीत मोबाइलला रेंज येते ती फक्त हिच्या गच्चीवर! नवऱ्यानं मागं ठेवलेलं तेवढं एकच स्लॅबचं घर. झालं, त्या दिवसापासून उठता-बसता काकी. वेलावरचं पहिलं वाळूक काकीला, बारशाची पहिली हाक काकीला. रोज सकाळी बाया आपापले फोन तिच्या कठड्यावर ओळीनं ठेवून जायच्या आणि संध्याकाळी तिच्या तोंडून निरोप ऐकायच्या. चाकणच्या कंपनीत पॅकिंगला न्यायला उद्या गाडी येणार का नाही, हे बायांच्या आधी काकीला ठाऊक.

या सुखात मुरारीच्या अनितानं बिब्बा घातला.

बारावी झालेली पोरगी. इंटरनेटच्या एका कंपनीला तिनं अर्ज केला, दारोदार फिरून सह्या-अंगठे घेतले. घराघरात इंटरनेट येणार, देवळाशेजारी सेवा केंद्र होणार, दाखले-अर्ज सगळे तिथंच. आणि केंद्रात पगारावर बसणार अनिता. मुरारीनं लेकीला बजावलं होतं, "केंद्र आलं तर बस तितं खुर्चीवर. न्हाई आलं तर तळेगावच्या पावण्यांना होकार." पाहुणा बिजवर, चाळिशीचा, दोन पोरांचा बाप. अनिता एकोणीसची.

कंपनीची अट एकच. घरटी एका बाईच्या नंबरवर मशीनचा फोन येईल. इंटरनेट हवं तर एक दाबायचं, नको तर दोन. या आठवड्यात कधीही. बाया कामाला गेलेल्या, म्हणून अनिता दोन दिवस कठड्यापाशी राखण बसली. तिसऱ्या दिवशी दुर्गाबाई कावली, "नुसती बसून ऱ्हातीस व्हय गं? जा, शेरडांना पाला घिऊन ये." पोरगी विळा घेऊन निघाली, जिन्यातून वळून म्हणाली, "काकी, फोन आले तर तेवढं एक दाबा हां."

"दाबते की, माजी बाय."

खरं सांगायचं तर तेव्हा तिच्या पोटात पाप नव्हतं. पहिला वाजला तो सुभद्राबाईचा. तिनं उचलला, मशीन बोललं, आणि दुर्गाबाईला एकदम कठडा रिकामा दिसला. उद्या घराघरात रेंज आली तर आपला जिना चढायचं कुत्र्याला तरी काय अडलंय? परत त्या वाट बदलणाऱ्या बाया! तिनं दोन दाबलं. दुसरा वाजला, दोन. मग काय, हात बसला. तासाभरात त्रेचाळीस फोन उरकले. शेवटचा अनिताचा होता. त्यावर ती घडीभर थांबली, आणि दाबलंच.

आठ दिवसांनी कंपनीचे निरंजन साहेब आले. देवळासमोर वाडी जमली. साहेबांनी कागद वाचला. "त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस घरं म्हणतात, गरज नाही. केंद्र पलीकडच्या वाडीला दिलं. आता काही फसवाफसवी झाली असेल तर सगळ्यांनी लिहून द्या, पुन्हा विचार करू. पण वर्षभर तरी जाईल."

अनिता ओरडलीच. "माज्या नंबरवरूनबी नको? मी पाला आणाय गेल्ते! काकी, तुमीच दाबलं. समदे फोन तुमच्यापाशी हुते!"

सगळी वाडी दुर्गाबाईकडं बघत होती. कळायला काही फार अक्कल लागत नव्हती. आता चपला पडणार म्हणून तिनं पदर डोक्यावर ओढला.

पण वर्षभर! काकीला दुखावलं तर तोवर फोन ठेवायचे कुणाच्या गच्चीवर?

सुभद्राबाई खाकरली. त्या दिवशी ती उजाडल्यापासून चाकणला खोकी भरत होती, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. "मीच दाबलं सायेब. आमाला काय करायचंय इंटरनेट?"

"मीबी," आक्काबाई म्हणाली. मग एकेक करत सगळ्याच.

साहेबांनी मुरारीकडं पाहिलं. अनिताही बापाकडंच बघत होती. मुकादम मुरारीला कामावर बोलवायचा तो त्याच कठड्यावरच्या फोनवर. त्यानं मान खाली घातली. "आमच्या घरचं मीच दाबलं. पोरीचं मनावर घिऊ नका सायेब, तिचं डोस्कं ठिकाणावर न्हाई."

साहेबांनी कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि गाडीत बसले. दुर्गाबाईला हायसं वाटलं. पाठोपाठ तिडीकही आली. कार्टीनं चारचौघांत नाव घेतलं म्हणजे काय!

मुरारी हात जोडून पुढं आला. "काकी, पोर अजाण हाय, पोटात घाला. आन् तळेगावच्या पावण्यांचा फोन आला, तर आमचा होकार हाय म्हणून सांगा."

"सकाळीच आला हुता," दुर्गाबाई म्हणाली. "सांगितलाय मी होकार. फुडच्या आयतवारी सुपारी फोडाया येत्यात."