खिंडीतला दगड

मित्रांनो, मी एक जुना ज्वालामुखी आहे. डोक्यावर बर्फ आणि पोटात विस्तव घेऊन बसलेला. माझ्याकडे पाहताना लोक आवाज खाली आणतात. मला ते नावाने हाक मारत नाहीत, आजोबा म्हणतात.

माझे मूळ समुद्रात आहे, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पश्चिमेकडे समुद्राचा तळ जमिनीखाली सरकत असतो, तुमची नखे वाढतात तितक्याच सावकाश. जाताना तो पाणीही घेऊन जातो. फार खोल गेल्यावर ते पाणी तापलेल्या खडकात मुरते आणि खडक वितळू लागतो. तो रस वर चढला, फुटला, थिजला, पुन्हा फुटला. असा थरावर थर चढत मी ढगांच्या वर आलो. तेव्हा मला पाहायला कोणी नव्हते.

फार उशिरा माणसे आली, लामा या लांब मानेच्या, लोकरीच्या जनावरांचे कळप घेऊन. माझ्या खांद्यावरच्या खिंडीत एक झरा आहे. त्या माणसांनी त्याचे पाणी चपट्या दगडांनी दोन पाटांत वाटले, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. इथे ओले कुरण आपोआप होत नाही. पाट मोकळे ठेवून पाणी पसरवत राहावे लागते, तेव्हा कुठे हिरवळ टिकते. दर वर्षी दोन्ही बाजूंची गावे बासरी-ढोल वाजवत वर येत, पाट उपसत आणि एकाच घोंगडीवर बसून जेवत.

मग तिपाईवर दुर्बीण ठेवून जमीन मोजणारी माणसे आली. त्यांनी झऱ्याच्या थोडे पूर्वेला लोखंडी खांब पुरला. खांबाच्या पूर्वेला बोलिव्हिया, पश्चिमेला चिली. पलीकडे गेलेली जनावरे शिपाई नेऊ लागले, तशी पूर्वेची माणसे खांबाशीच थांबू लागली. एकत्र जेवण बंद झाले. पोटातल्या विस्तवाला मात्र या रेषेची खबर नव्हती.

इलारिया आणि सातुर्निना या सख्ख्या बहिणी. थोरली इलारिया पूर्वेला राहिली, धाकटी लग्न होऊन पश्चिमेला गेली. एका हिवाळ्यात मी जरासा हललो. लगेच पूर्वेचे पाणी आटले. इलारियाचे कुरण तपकिरी झाले, मग भेगाळले. तिच्या लामा गाभण होत्या. धाकटीकडे मात्र पूर्वी कधी नव्हते इतके हिरवे झाले.

इलारिया खांबाशी आली ती कानांत लाल लोकरीचे गोंडे बांधलेला पांढरा नर घेऊन. कमरेला सुरी होती, खांद्यावरच्या घोंगडीत मला वाहायची कोकाची पाने. पलीकडे सातुर्निना पहार घेऊन पाटाशी उभी होती.

"बरंच अंग धरलंय तुझ्या लामांनी," इलारिया म्हणाली. "लांबूनही दिसतं."

"आजोबांची कृपा, ताई."

"हो तर. तुझ्यावर कृपा, माझ्यावर राग. एकाच बापाच्या लेकी आपण!"

"हा पांढरा कशाला आणलास?"

"कशाला आणतात?"

"अगं, एवढा एकच नर उरलाय ना तुझ्याकडे? पुढच्या साली पिल्लं काय तू देणार?"

"सणाला पहिला घोट जमिनीला द्यायचा विसरले. मीच प्यायले. आजोबांनी पाहिलं. आता हा त्यांना द्यायचा."

मित्रांनो, खरे सांगतो, मी तो घोट पाहिलाच नव्हता. पाणी मी अडवले नव्हते. झऱ्याजवळ, जिथे पाट फुटतो, तिथे एक दगड घरंगळून पूर्वेच्या पाटाच्या तोंडाशी बसला होता. खांबाच्या पूर्वेकडून तो दिसत नव्हता. सातुर्निना तर त्याच्या शेजारीच उभी होती.

इलारियाने घोंगडी पसरली. पाने मांडली. नराच्या मानेवरून हात फिरवला तेव्हा तो हलकेच गुणगुणला. धाकटीने फक्त गप्प राहायचे होते, तिचे कुरण हिरवे राहिले असते. मी जंगले राखेखाली पुरली आहेत, तळी उकळली आहेत. पण त्या दुपारी एक शब्द बोलण्याइतके बळ माझ्यात नव्हते. मी हललो असतो तर आणखी दगड पडले असते, एवढेच.

सुरी बाहेर आली.

"थांब!" सातुर्निना ओरडली. "आजोबा नाही रागावले. पाटात दगड पडलाय."

"कधी?"

"धरणी हलली तेव्हा."

"तुला ठाऊक होतं?"

"आधी सुरी खाली ठेव, मग सांगते."

इलारियाने सुरी ठेवली नाही. धाकटीचे डोळे भरले. "गेल्या साली माझ्या निम्म्या लामा मेल्या गं. वाटलं, या खेपेला आजोबांनी मला दिलं. दिलेलं परत कसं करायचं?"

थोरलीने सुरी कमरेला खोचली, नराला त्या लोखंडी खांबालाच बांधले आणि रेषा ओलांडली.

"शिपाई आला तर?"

"धापा टाकत इथवर चढेपर्यंत मी घरी जाऊन बटाटे शिजवीन. लाव हात."

दगड हलेना. दोघींनी त्याच्याखालची माती उकरली, पहार घातली, बोटे सोलवटून घेतली. धाकटी रडत होती, थोरली तिला शिव्या देत होती. अखेर दगड कलला. पाणी क्षणभर थबकले, मग सुक्या पाटात शिरले आणि खडे ओले करत पूर्वेला निघाले. दोघी उभ्या राहून ऐकत राहिल्या.

मित्रांनो, इथली माणसे माझ्याकडे पाहून थक्क होतात. पण समुद्राच्या तळाने लाखो वर्षे ढकलून मला उभे केले, त्यात माझे काय? हातचे हिरवे कुरण सोडायला मला कधी कोणी सांगितले नाही. ते मी या खिंडीत पाहिले आणि थक्क झालो. तुमच्याकडेही पाणी आटेल तेव्हा डोंगर रागावला असे समजून घाबरू नका. वर चढा, पाट पाहा, आणि दगड ज्याला दिसेल त्याने तो सांगावा.

इलारियाने नराला सोडले. बहिणीकडे वळून न पाहताच ती म्हणाली,

"उद्या खालचा पाट उपसायचाय. पहार घेऊन ये."