काळ्यापांढऱ्यात विठ्ठलराव

गाण्याच्या कार्यक्रमाला विठ्ठलराव कायम उशिरा येत. वेळेवर आलं तर थांबवायला गाणं कुठलं मिळणार? ते आले की सिरसाळ्याची रीत ठरलेली होती. पेटी बंद, ढोलकी बंद, मग शाल, नारळ, गुलाबी फेटा, आणि त्यानंतर साहेबांचे दोन शब्द. दोन शब्दांना तासभर लागे, कारण शब्द दोनच असले तरी विषय जगभरचे असत.

यंदाच्या जत्रेत केशरबाईंची पार्टी होती. बाई साठीच्या पुढच्या, पण आवाज अजून माइकला न जुमानणारा. संध्याकाळचं तिरपं ऊन मंचावर आलं होतं, गवळण रंगात आली होती, आणि विठ्ठलराव पायऱ्या चढले. पेटीवाला थांबला. ढोलकीवाला थांबला. केशरबाई थांबल्या नाहीत. साहेबांनी हसत हसत माइककडं हात नेला. बाईंनी गात गातच त्यांचं मनगट धरलं आणि ताटाशी आलेलं मांजर सारावं तसं त्यांना बाजूला सारलं. ढोलकीवाल्यानं इकडंतिकडं बघितलं आणि परत थाप मारली.

नेमकं तेव्हाच मंचाखालून वर्षाराणीनं कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

वर्षाराणी म्हणजे कापड दुकानवाल्या गुरुलिंगअप्पांची मुलगी. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे फोटो काढते, तेही फिल्मवर, तेही काळेपांढरे. रंगीत कावून काढत न्हाईस, असं कुणी विचारलं की म्हणते, "रंग आला की लोक फेटा बघतात. तोंड न्हाई बघत."

कार्यक्रम संपायच्या आत साहेबांचा कार्यकर्ता रविराज तिच्यापाशी पोचला.

"ताई, मघाचा तेवढा डिलीट मार."

"होत न्हाई."

रविराजनं कॅमेरा उलटा करून बघितला. मागं नुसतं काळं झाकण. "ह्याचा स्क्रीन कुठं गेला?"

"नव्हताच."

"मग फोटो आला का न्हाई, कळतं कसं?"

"धुतल्यावर."

"मग धुऊ नको."

तिनं धुतला. चांगला मोठा छापला आणि दुकानाच्या दर्शनी काचेवर बाहेरून चिकटवला. केशरबाईंचं तोंड उघडं, गळ्याची शीर ताठ, नजर पार शेवटच्या रांगेवर, आणि मुठीत विठ्ठलरावांचं मनगट. तोंड विठ्ठलरावांचंही उघडंच होतं. त्यातून काही येत नव्हतं, एवढंच.

आता आपल्याकडं माणूस हयात असेपर्यंत फ्लेक्सवर रंगीत असतो. काळापांढरा झाला की समजायचं आणि दहावा कधी ते विचारायचं. दिंद्रुडहून बाजाराला आलेल्या धुळाजीनं रस्त्यावरूनच फोटो बघितला, टोपी काढली आणि हात जोडले. शहादेवनं तर मोटारसायकलवरून न उतरता गावाच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. चहा निवायच्या आत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. विठ्ठलरावांनी स्वतः फोन उचलला, तर पलीकडचा म्हणाला, "आवाज अगदी साहेबांसारखा हाय हो. धाकटे का तुमी?"

लोक हार घेऊन दुकानापाशी आले. जवळून फोटो बघितला आणि हार हातात तसेच धरून हसायला लागले. मेल्याची बातमी विठ्ठलरावांनी पचवली असती. हसणं त्यांना लागलं.

ते स्वतः दुकानात आले. मागं रविराज.

"अप्पा, आमी जिवंत हाव."

"दिसतंय साहेब. बसा."

"मग तो फोटो उतरवा. आमच्या शाळेच्या ड्रेसचं कापड दर साली तुमच्याकडून जातं. परळीतबी दुकानं हायेत, हे तुमाला माहीत हाय."

गुरुलिंगअप्पांनी जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. फारच अडचण झाली तर ते 'संध्याकाळी या' म्हणत. शाळेचं कापड म्हणजे दुकानाचं निम्मं वर्ष. ते पोरीकडं वळले. "उतरव बाई."

"मी न्हाई उतरवणार, अप्पा."

"बरं, निदान मला कापा त्यातून," विठ्ठलराव म्हणाले. "बाईचा ऱ्हाऊ द्या. आमाला कलेचा आदर हाय."

"तुमाला कापल्यावर बाईनं धरलंय काय, ते कळायचं कसं?" वर्षाराणी म्हणाली. "अप्पा, दुकान तुमचं, काच तुमची. उतरवायचा तर तुमी उतरवा. मी उद्या दुसरा छापते. कुठं लावायचा ते बघते."

अप्पा गादीवरून उठले. फडकं घेतलं आणि बाहेर काचेपाशी गेले. गादीवर बसल्या बसल्या त्यांना आजवर त्या फोटोची नुसती पांढरी पाठ दिसत होती. समोरून ते आत्ताच बघत होते. बराच वेळ बघत राहिले. रविराजला वाटलं, अप्पा डिंक कुठं सैल झालाय ते शोधतायत.

मग अप्पांनी फोटोच्या चारी कडेची काच नीट पुसली, फडकं झटकलं आणि परत गादीवर येऊन बसले.

"कापड परळीहून घ्या साहेब," ते म्हणाले. "तिथंबी लई चांगलं मिळतं. चहा मात्र हितं घेऊन जा."

विठ्ठलराव चहा न घेता गेले. कापड खरंच परळीहून आलं. अप्पांनी त्या साली नवीन पंखा घ्यायचा बेत सोडला आणि घाम पुसत धंदा केला. फोटो काचेवर राहिला.

पुढं दिंद्रुडला केशरबाईंचा कार्यक्रम झाला. विठ्ठलराव वेळेच्या आधी आले. पहिल्या रांगेत बसले. एकामागून एक गाणी झाली, पण साहेबांचे दोन्ही हात मांडीखालीच होते. चेहऱ्यावर हसू तयार ठेवलेलं, मान किंचित उजवीकडं, त्या बाजूनं ते बरे दिसतात. वर्षाराणीचा कॅमेरा कधी ढोलकीकडं जाई, कधी पेटीकडं, आणि परत बाईंकडं. खुर्च्यांकडं काही वळेना.

शेवटी रविराज वाकून तिच्या कानाशी आला. "ताई, साहेब केव्हाचे नीट बसलेत. एक तरी घे ना त्यांचा."

कॅमेरा डोळ्यावरून न हलवता वर्षाराणीनं विचारलं, "गातेत का?"