एका चिकटवहीची एकतीस ठिगळं

मी एक जुनी चिकटवही आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझ्यात वाळलेली पानं नाहीत, फुलपाखरांचे पंख नाहीत आणि थोर माणसांची चित्रंही नाहीत. माझ्या एकशे वीस पानांत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच विषय आहे, 'तिसरा मजला' नावाचा बँड. हा बँड तुम्ही ऐकला नसणार. तो जोरात होता तेव्हासुद्धा फार जणांनी ऐकला नव्हता, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

माझा जन्म बाइंडिंगच्या दुकानात झाला. कुठल्याशा कचेरीच्या रजिस्टरांचं काम संपल्यावर जाड खाकी कागद उरला होता. दुकानाच्या मालकांनी, म्हणजे बाबांनी, तो कापला, शिवला, पाठीला हिरवं कापड लावलं आणि मला दोन दिवस दाबयंत्रात पिळून काढलं. मला नमुना म्हणून दुकानात मांडायचा त्यांचा विचार होता. पण त्यांची पंधरा वर्षांची मुलगी बँडची कात्रणं गादीखाली ठेवायची आणि गादी झटकली की घरभर कागद उडायचे. आईने ही तक्रार केली आणि मी त्या मुलीच्या हाती गेले. घरात तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते.

मला देताना बाबांनी एकच अट घातली होती. "चिकटवायचं ते खळीनंच. तेही फक्त वरच्या कडेला. उद्या काढावंसं वाटलं, तर ओल्या बोटानं निघालं पाहिजे." खळ म्हणजे पाण्यात शिजवलेला मैदा. ताईने लगेच मान डोलावली.

माझ्या पहिल्या पानावर एका कार्यक्रमाचं तिकीट आहे. सभागृहात दीडशे खुर्च्या होत्या आणि चाळीस माणसं. बँडमध्ये चौघं होती. एक गाणारी, एक गिटारवाला, एक बेसवाला आणि एक ड्रमवाला. गाणारीच्या काकांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा सराव चाले आणि दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू काठीने छत ठोकत. बँडला नाव मिळालं ते असं.

वर्तमानपत्रांत त्यांची बातमी यायची ती बोटभर. हरवलेल्या कुत्र्याची जाहिरातसुद्धा तिच्यापेक्षा मोठी असायची. ताई दुकानातली सगळी रद्दी उपसून ते बोटभर शोधून काढायची, नीट कापायची आणि खाली हिरव्या शाईने तारीख घालायची. हळूहळू माझ्यात गाण्यांच्या क्रमाची हस्तलिखित चिठ्ठी आली, कॅसेटचं कव्हर आलं, बँडचे फोटो आले, तुटलेल्या ड्रमस्टिकची ढलपी आली. गिटारच्या एका तारेने तर चाळिसाव्या पानावर गंजाचं वेटोळं उमटवलं. पाच वर्षांत मी इतकी फुगले की मला नाडीने बांधावं लागे. एकदा गाणारीने स्वतः मला मांडीवर घेऊन चाळलं आणि ती म्हणाली, "अगं, एवढं तर आमच्याकडेसुद्धा नाही!" पुढचे आठ दिवस ताईचे आणि माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग ड्रमवाला बँड सोडून गेला. मोठा दौरा तोंडावर आलेला असताना, कुणाला कारण न सांगता गेला. दौरा रद्द झाला आणि सहा महिन्यांत बँडही मोडला. ताई तीन दिवस धड जेवली नाही. चौथ्या दिवशी तिने काळ्या कागदाची नखाएवढी ठिगळं कापली आणि माझ्यातल्या प्रत्येक फोटोत ड्रमवाल्याच्या तोंडावर एकेक चिकटवून दिलं. एकतीस फोटो, एकतीस ठिगळं. खळ शिजवत बसायला तिला धीर नव्हता. तिने दुकानातला सुतारकामाचा पांढरा डिंक घेतला, जो एकदा वाळला की कागदाला सोडत नाही. मला ते फार झोंबलं. त्या मुलाने माझं काहीच वाकडं केलं नव्हतं. पण वहीला कोण विचारतं?

त्यानंतर ताईने माझी नाडी आवळली आणि मला कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर टाकलं. माझ्यावर सुटकेस, सुटकेसवर धूळ. अशी सोळा वर्षं गेली. दुकान ताईने हाती घेतलं. बाबा थकले आणि स्टुलावर बसून तिच्या चुका काढू लागले.

एका सोमवारी दुकानात गाणारीचा फोन आला. ती आता शाळेत गाणं शिकवते, आणि ड्रमवाल्याची दहा वर्षांची मुलगी तिच्या वर्गात होती. "पोरीनं बापाला वाजवताना कधी बघितलंच नाही गं," ती म्हणाली. "घरात एक फोटो नाही. सगळं टाकून दिलंय त्यानं. मी म्हटलं, आमच्या ताईकडे सगळं आहे. रविवारी येतील दोघं. चालेल ना?" मग तिने त्याच्या जाण्याचं कारण सांगितलं. ते तिलाही आत्ताच कळलं होतं. त्याचे कान जात होते. ड्रम थांबवले नाहीत तर लवकरच काही ऐकू येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. थांबवूनही कान गेले ते गेलेच. आता तो खिडक्यांना काचा बसवायचं काम करतो.

ताई "चालेल" म्हणाली, तिने फोन ठेवला आणि ती कपाटाकडे धावली.

मला फळीवरून खाली काढलं गेलं ते असं, घाईघाईत. पुढचे तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत ताई माझ्यावर वाकलेली असायची. किटलीची वाफ झाली, ओला कापूस झाला, पातळ पातं झालं. चार ठिगळं निघाली, पण चेहऱ्यासकट निघाली. फोटोत तेवढ्यापुरता पांढरा लगदा उरला. पाचव्याला हात लावायची तिची हिंमत झाली नाही.

"सांगते त्यांना, वहीला वाळवी लागली," ती म्हणाली. मित्रांनो, मी तिथेच पडले होते, धडधाकट!

बाबा स्टुलावरून म्हणाले, "सांग की. म्हणजे ती पोर जन्मभर वाळवीला दोष देईल." आणि पुढे म्हणाले, "डिंकाची बाटली रिकामी झालेली मला तेव्हाच दिसली होती. तुला बोललो नाही, ही माझी चूक."

रविवारी दोघं आली. ड्रमवाल्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. मुलगी मला टेबलावर घेऊन बसली, चार पानं उलटली आणि म्हणाली, "मावशी, हे सगळीकडे काळं काळं काय आहे?"

ताईने आडपडदा ठेवला नाही. "ते मी लावलंय. तुझे बाबा बँड सोडून गेले म्हणून मला राग आला होता. त्याच्याखाली त्यांचा चेहरा आहे आणि तो आता निघत नाही. मी बघितलं काढून."

मुलीने हे सगळं खुणांनी बापाला सांगितलं. त्याने पानं पाहिली आणि तो मोठ्याने हसला, आपला आवाज किती मोठा आहे हे माहीत नसलेल्या माणसासारखा. "एवढा राग? बँडमध्येसुद्धा कुणी एवढं चिडलं नव्हतं!" मग त्याला ते चार पांढरे लगदे दिसले आणि तो हसायचा थांबला. "मी सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "ड्रमवाल्याला ऐकू येत नाही, हे सांगायची लाज वाटली." ताईला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

मुलगी मात्र माझ्या पानाला नाक लावून बसली होती. "पण हे बाबाच आहेत की!" ती ओरडली. "ही बघा करंगळी!"

लहानपणी दारात चेंगरल्यापासून त्याच्या डाव्या हाताची करंगळी वाकत नाही. फोटोत काठी धरलेल्या मुठीतून ती सरळ बाहेर आलेली होती. घरी बापलेक हातांनीच बोलतात, त्यामुळे ते हात तिने चेहऱ्यापेक्षा जास्त पाहिलेले. तिने भराभर पानं उलटली. "हे बाबा. हेपण बाबा. इथेपण!" एकतीसच्या एकतीस फोटोंत ते हात होते. इतकी वर्षं ते माझ्या अंगावर होते आणि मलाही कधी दिसले नव्हते.

मग तिने मला मिटलं, बापापुढे सरकवलं आणि हातांनी काहीतरी सांगितलं. तो नको नको म्हणाला. तिने हट्ट सोडला नाही. शेवटी त्याने टेबलावरच्या दोन लाकडी पट्ट्या उचलल्या, डोळे मिटले आणि माझ्यावर वाजवायला लागला.

कात्रणांनी फुगलेल्या वहीचा आवाज काही खास नसतो. नुसतं धपधप वाजतं. "अरे, पुठ्ठा जाईल!" बाबा ओरडले आणि दुसऱ्याच क्षणी गप्प बसले, कारण मुलीने दोन्ही तळहात माझ्या कडेला टेकवले होते आणि ती डोळे फाडून बापाकडे बघत होती. ताई ओठातल्या ओठात ते गाणं म्हणत होती. एवढी वर्षं मी त्या बँडबद्दल सगळं सांभाळलं होतं, पण त्यांचं गाणं माझ्या अंगातून गेलं ते त्या दिवशी.

मित्रांनो, कुणाचा राग आला तर त्याला जाऊन विचारा. ठिगळं लावत बसू नका. आणि तुमच्या कपाटावर माझ्यासारखी कुणी पडली असेल, तर तिला खाली काढा, चाळा, चुरगळली तरी चालेल. माझ्या पुठ्ठ्यावर आता दोन खोल पोचे पडलेत. बाबा रोज म्हणतात, आण इकडे, नवा पुठ्ठा घालून देतो. मी हात जोडून सांगते, तेवढं करू नका.