एक पाऊल म्होरं

नाक मुरडू नका मित्रांनो. हा वास माझाच आहे. घाम, चिखल आणि गवत यांच्यात मुरलेला मी एक जुना हातमोजा आहे. गोलकीपरचा, उजव्या हाताचा. डावा भाऊ शेजारीच आहे, पण तो बोलत नाही. त्याच्या वाट्याचंही मीच बोलतो.

माझा जन्म १९९५ सालचा. पोरींच्या हाताला बसतील असे मोजे तेव्हा कोल्हापुरात शोधूनही मिळाले नाहीत. म्हणून चपला शिवणाऱ्या गुंडूमामांनी आम्हाला बकऱ्याच्या मऊ कातड्यातून बेतलं आणि तळव्यावर टेबल टेनिसच्या जुन्या बॅटचं रबर चिकटवलं. दिसायला मी काही देखणा नव्हतो. पण पकड म्हणाल तर एकदम घट्ट.

माझी मालकीण स्वप्नाली, उचगावची, चौदा वर्षांची. तिचे वडील बाळासो घरांची कौलं शाकारायचे. ते खालून कौल भिरकावायचे आणि छपरावर उभी असलेली स्वप्नाली ते अलगद झेलायची. कौल झेलताना हात ताठ ठेवला तर ते फुटतं. म्हणून ते हातात आलं की हात मागं घ्यायचा. शाळेचं छप्पर शाकारताना खेळाच्या हिरेमठ बाईंनी हे पाहिलं आणि तिला थेट गोलमध्ये उभं केलं.

पहिला मोठा सामना शाहू स्टेडियमवर सांगलीच्या मुलींशी झाला. बाळासो स्वच्छ टोपी घालून बघायला आले होते. शेवटच्या मिनिटाला एक सोपा बॉल आला. स्वप्नाली गोलरेषेवर उभी होती. तिनं तो माझ्यात अलगद घेतला आणि सवयीनं हात मागं नेले. बॉल हातात, हात रेषेच्या पलीकडं. रेफ्रीनं गोल दिला आणि आम्ही एका गोलनं हरलो.

"पोरीनं बॉल झेलला आणि घरातच नेऊन ठेवला की," कुणीतरी ओरडलं. अख्खी गॅलरी हसली. खरं सांगतो, मला त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर तिनं आम्हाला कोपऱ्यात भिरकावलं. "मला न्हाय जमणार आबा. उद्यापास्नं छपरावरच येतो."

बाळासोंनी आम्हाला उचलून झटकलं. मग म्हणाले, "चूक तुझी न्हाय, माझी हाय. छपरावर मागं जागा असती, हितं न्हाय. हात बदलू नगंस. एक पाऊल म्होरं हुबी ऱ्हा, बास."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात सुतळी बांधली. स्वप्नालीनं सुतळीपुढं एक पाऊल उभं राहायचं, त्यांनी कौल फेकायचं आणि झेलताना हात सुतळीला लागता कामा नये. लागला की पुन्हा पहिल्यापासून. किती कौलं फुटली विचारू नका. तिची आई चिमणाबाई दारातून बोलायची, "अवं, आपल्या घरावर तरी चार ऱ्हाऊ द्या." तक्रार करत करत खापऱ्या तीच गोळा करायची.

असं चार वर्षं चाललं. १९९९ साली गोव्याच्या एका क्लबची माणसं खास गोलकीपर बघायला कोल्हापुरात आली. पसंत पडली तर पगारावर खेळायचं, नाही तर जन्मभर छप्पर. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, मलाही.

आमचा संघ एका गोलनं पुढं होता. शेवटच्या मिनिटाला समोरून सणसणीत फटका आला. स्वप्नालीनं बॉल माझ्यात घेतला आणि हात मागं गेले. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. लाइन्समन वाकून बघत होता. माझं बोट रेषेपासून चांगलं वीतभर अलीकडं होतं. त्यानं मान हलवली, गोल नाही. बाळासोंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली आणि खाली बसले. आनंदानं माझी शिवण उसवली ती तेव्हा.

पुढं नऊ वर्षं ती गोव्यात खेळली. पेपरात फोटो आले. तिकडं तिला परदेशी मोजे मिळाले आणि मी रुसलो, कबूल करतो. पण प्रत्येक सामन्याआधी सरावाचे पहिले दहा बॉल ती आमच्यातच घ्यायची, मग माझा राग टिकायचा नाही.

२००८ साली ती गावी परतली आणि मुलींना शिकवू लागली. चिमणाबाईनं आम्हाला काचेच्या कपाटात ठेवलं. दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल, सगळा थाट. पण मित्रांनो, मी इतका कंटाळलो होतो की काय सांगू.

एके दिवशी वीटभट्टीवरची सुष्मिता उघड्या हातांनी खेळायला आली. स्वप्नालीनं सरळ कपाट उघडलं.

"अगं, ठेवणीतली हायत ती," चिमणाबाई म्हणाली.

"ठिवून काय करायचं आई? हातासाठी केल्याती, हातात जाऊ दे."

सुष्मिताचे हात गरम होते. मला तर नाचावंसं वाटलं. पहिला बॉल आला. विटा झेलणाऱ्या त्या पोरीनं तो अलगद घेतला, हात मागं नेले आणि रेषा ओलांडली. गोल. सगळ्या मुली हसल्या. सगळ्यात जास्त स्वप्नाली हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मैदानाच्या कडेला बाळासो काठी टेकून बसले होते. ते काही बोलायच्या आधीच सुष्मितानं स्वप्नालीकडं पाहिलं. "माझं काय चुकलं ताई?"

"हात बेस्ट हायत तुझं," स्वप्नाली म्हणाली. "फकस्त एक पाऊल म्होरं हुबी ऱ्हा."

म्हणून सांगतो मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, पण काचेत घालून नको. उसवलं तर टाका घाला, फाटलं तर ठिगळ लावा आणि पुन्हा कामाला लावा. माझ्या अंगठ्याला कालच ठिगळ लागलंय. चिमणाबाईनंच लावलं, बडबडत.