नुसतं मऊ नव्हे

न्हावीदादांचं तोंड कात्रीच्या आधी चालतं, असं गल्लीभर म्हणत. हाताखालच्या माणसाला बोलतं केल्याशिवाय ते त्याला खुर्चीतून उठूच देत नसत. पण घरातलं एक डोकं त्यांना गेले कित्येक महिने दाद देईना. बायकोचं! आजारपणातल्या औषधांनी तिचे केस गेले, तेव्हा तिनं डोक्याला जो रुमाल बांधला तो बांधलाच. आजार गेला, डॉक्टरही म्हणाले आता काळजी नको, तरी रुमाल काही हलेना. झोपतानासुद्धा!

"अगं, मी केसांतला माणूस," दादा कधी गोडीत, कधी रुसून म्हणत, "मला तरी दाखव."

"दुकान बंद आहे," ती म्हणे, आणि वर हसे. त्या डोक्यावरून एकदा हात फिरवायला मात्र दादांचा जीव आसुसला होता.

एका सुट्टीच्या दुपारी लेक वही घेऊन आली. घरात तिला चिमणी म्हणत. बाईंनी वर्गात एकेकाला एकेक इंग्रजी शब्द वाटला होता. घरात तशी वस्तू शोधायची आणि वाक्य लिहायचं. चिमणीच्या वाट्याला आला होता 'फ्लफी'.

"म्हणजे मऊ," दादा म्हणाले. "त्यात काय एवढं? लोणी लिही."

"नुसतं मऊ नाही हो बाबा! मऊ हवं, हलकं हवं आणि फुललेलंही हवं. लोणी कुठं फुलतं?"

झालं! बापलेकींनी घर डोक्यावर घेतलं. टॉवेल काढला. "त्यानं पातेली घासा," स्वयंपाकघराच्या दारात मटार सोलत बसलेली आई म्हणाली. उशी काढली, तर आत कापसाच्या नुसत्या गाठी. दादांनी दाढीच्या ब्रशनं वाटीभर फेस काढला. तो अगदी फ्लफी होता, पण चिमणी पेन्सिलीला टोक करीपर्यंत बसला. शेवटी दादांनी स्वतःचं पोट पुढे केलं. चिमणीनं बोट खुपसून पाहिलं.

"हे गुबगुबीत. मऊ आहे, पण हलकं कुठाय?"

आई इतकी हसली की मटार घरभर पळाले.

"हसायला काय जातंय तुला?" दादा फणकारले. "पाव लुसलुशीत, माती भुसभुशीत, फार पिकलेलं केळं पिलपिलीत. आपल्याकडे काय शब्द कमी पडलेत? हे फ्लफीचं खूळ हवंय कुणाला!"

चिमणीचं तोंड एवढंसं झालं. आईनं ते पाहिलं आणि परात बाजूला सारली.

"हात धुऊन ये, चिमणे."

चिमणी हात धुऊन आली. आईनं तिचा हात धरून रुमालाखाली सरकवला.

"बाबा!" चिमणी किंचाळलीच. "सापडलं! हेच फ्लफी!"

केस आले होते, आणि दादांना पत्ता नव्हता! ते जागच्या जागी उभे राहिले.

"आणि मी?"

"तुम्हाला कुठं शाळेत जायचंय?" ती म्हणाली, पण तिचं हसू अर्ध्यावरच राहिलं. "विरळ आलेत हो. दिवसभर दाट केसांतून तुमचे हात फिरतात. म्हटलं, हे बघून तुम्हाला माझी कीव येईल. कीव नको होती मला."

दादा मोरीत गेले, साबण लावून हात धुतले, पुसले आणि शहाण्या मुलासारखे तिच्यासमोर येऊन बसले.

तिनं रुमालाची गाठ सोडली.

बाळाच्या जावळासारखे कोवळे, करडे केस होते. दादांनी तळवा टेकवला मात्र, आणि इतकी डोकी हाताळलेली ती बोटं तिथून निघेचनात.

"बाबा, वाक्य सांगा ना!" चिमणी पेन्सील घेऊन तयार. बाबांचे डोळे घळाघळा वाहत होते.

"मी सांगते," आई म्हणाली, आणि त्याच रुमालानं तिनं नवऱ्याचे डोळे पुसले. "लिही. माझे बाबा फ्लफी आहेत."

"पण ते तर गुबगुबीत ठरले होते ना?"

"ते पोट गं. आता तोंड बघ जरा त्यांचं, कसं फुललंय!"