तिसऱ्या वेळी मी गप्प राहिले

मित्रांनो, मी एक जुनी उबपेटी आहे. अंड्यांची नव्हे, माणसाच्या पेशी वाढवायची. कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवलं आणि एका प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आणून ठेवलं. शरीराइतकी ऊब आणि मोजून हवा द्यायची, एवढंच माझं काम. एकोणीस वर्षं केलं. "माझ्या जावेपेक्षा ही गुणी," संशोधक बाई म्हणायच्या, "राबते पण टोमणा मारत नाही."

पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं. त्याला साखरेच्या लांब साखळ्या लोंबतात. पोटातलं बाळ घडताना पेशी एकमेकींना निरोप धाडतात, ते या साखळ्या झेलतात. काही मुलांमध्ये हे प्रथिन झोपूनच राहतं, मग हाडं नीट वाढत नाहीत. बाईंना एक रसायन सापडलं होतं. ते घातलं की निरोपांची बंद वाट उघडायची, प्रथिन जागं व्हायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या कडा हिरव्या चमकायच्या. दोनदा चमकल्या. तिसऱ्यांदा चमकल्या की जगाला सांगायचं ठरलं. त्या मुलांच्या पेशींची एकच कुपी उरली होती. बाईंची तब्येतही ढासळत होती.

माझ्या दाराचं रबर कडक झालं होतं. दार किलकिलं राहिलं की मी टीं-टीं ओरडायचे. बाईंचे यजमान वायरमन. एकदा ते त्यांना न्यायला आले.

"अहो, हिचं तोंड बंद करा ना. डोकं उठलंय."

त्यांनी माझ्या भोंग्याची वायर काढली. "उद्या रबर बदलतो, मग जोडतो."

"तुमचा उद्या! घरची घंटी तीन वर्षं उद्याच वाजणार आहे." बाई हसल्या. तेही हसले.

तो उद्या आला नाही. शनिवारी बाईंनी शेवटच्या पेशी माझ्या स्वाधीन केल्या. दार बोटभर उघडं राहिलं. रविवारभर मी गार पडत गेले आणि मला ओरडता आलं नाही. सोमवारी सगळ्या पेशी मेलेल्या होत्या.

"वायर काढायला मीच सांगितलं होतं," बाई यजमानांना एवढंच म्हणाल्या. नव्या पेशी मिळेपर्यंत बाई जगल्या नाहीत.

परवा मला भंगारात काढायचं ठरलं. यजमान नवं रबर घेऊन आले. गुडघे टेकून त्यांनी ते बसवलं, वायर जोडली.

"आता काय उपयोग, दादा?" झाडणाऱ्या मावशींनी विचारलं.

"काही नाही. तिला म्हटलं होतं, करतो."

मित्रांनो, कुणी ओरडत असेल तर आधी दार बघा. आणि घरातल्या माणसाने सांगितलेलं लहानसं काम त्याच दिवशी करा. उद्या येतोच. सांगणारं माणूस तेव्हा असेलच, असं नाही.